मुळशी: शेजाऱ्याने खासगी मोजणी करून आमच्या हद्दीत चुना मारला, हरकत कुठे घ्यायची?

मदत हवी आहे.

मी कोथरूडला राहते. मुळशी तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे, सातबाऱ्यावर १ हेक्टर ४२ आर, आई आणि काकांच्या नावावर. पूर्वेकडची जमीन दोन वर्षांपूर्वी प्लॉटिंगवाल्यांनी घेतली. गेल्या महिन्यात त्यांनी खासगी सर्व्हेअर आणून रोव्हरने (सॅटेलाइटवरून जागा टिपणारं यंत्र) मोजणी केली. आम्हाला ना नोटीस, ना फोन. काका शेतावर गेले तर चुन्याची रेघ करवंदीच्या जाळीच्या अलीकडे, भाताच्या खाचरातून गेलेली! आजोबांच्या वेळच्या हद्दीच्या दगडापासून टेप लावली, ११ फूट आत.

सर्व्हेअर म्हणाला, "सॅटेलाइटवर काढलंय, चुकणार नाही." पण रोव्हर तुम्ही उभे आहात तो बिंदू अचूक सांगतो. हद्द कुठली, हे टिपण, फाळणी (जुन्या सरकारी मोजणीचे कागद) आणि गट नकाशावरून ठरतं ना? त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मोबाइलमध्ये भूनकाशा या सरकारी संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट, एवढंच.

आम्ही ई-मोजणीत (सरकारी मोजणीची ऑनलाइन सोय) हद्द कायमचा, म्हणजे हद्द नक्की करून देण्याचा अर्ज केलाय. नियमितची फी २,००० रुपये आणि द्रुतगतीची ८,०००, म्हणून नियमित भरली. आता वाटतं चुकलंच, कारण तारीख अजून मिळालेली नाही आणि त्यांचे कंपाउंडचे खांब येऊन पडलेत.

मोजणी तुंबते हे खरं आहे. म्हणूनच २०२५ मध्ये महसूलमंत्री बावनकुळे यांनी परवानाधारक खासगी भूमापकांची घोषणा केली, नकाशा प्रमाणित करणार सरकारचा भूमी अभिलेख विभागच. पण माझी भीती वेगळी आहे. सरकारी भूकरमापक लगतच्या कब्जेदारांना नोटीस काढतो, त्यांच्यासमोर मोजतो. खासगी माणसाला पैसे एकच बाजू देते. उद्या त्याचा परवाना असेल, तर ज्याला फी परवडत नाही त्या शेजाऱ्याचं कोण ऐकणार? माझे काका ७१ वर्षांचे आहेत, रात्री झोपत नाहीत.

या मोजणीला कायद्याने किंमत आहे का? असली तर तिच्यावर निमताना, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते का? आणि खांब थांबवायला काय करू?

प्रतिसाद

ताई, नोटीस न देता झालेली खासगी मोजणी तुमच्यावर बंधनकारक नाही. निमताना ही भूमी अभिलेखच्या मोजणीवर मागतात, त्यामुळे इथे तिचा प्रश्नच नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. टिपण आणि गट नकाशाच्या नकला आजच मागा, जुन्या गटांना वेळ लागतो. जुना दगड अजिबात हलवू नका. त्याचे आणि चुन्याच्या रेघेचे फोटो काढा, पंचांसमोर. खांब रोवायला लागले तर वकिलामार्फत दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागा, मोजणीची वाट बघू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. पोच घेते. पंच म्हणून गावातलेच दोघे चालतील का, की पोलीस पाटील हवेत?