आठवीनंतर शाळा बंद, हे बरोबर आहे का? (अमिश शेजार)

लँकेस्टरकर:
अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत आमच्या घराभोवती सगळी अमिश शेतं आहेत. अमिश म्हणजे जुन्या पद्धतीने साधं जगणारा एक ख्रिस्ती पंथ. खेचरं जुंपलेले नांगर, करड्या बग्ग्या, घरात वीज नाही. शेजारचा पोरगा यंदा आठवी झाला आणि लगेच गोठ्यात लागला. आमच्या लेकीची गणितं तोंडी सोडवायचा! पुढे शिकवायला नकार देणाऱ्या अमिश पालकांना विस्कॉन्सिनमध्ये पाच-पाच डॉलर दंड झाला होता. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या खटल्यात (योडर खटला) पालकांच्या बाजूने निकाल दिला. मला काही हे पटत नाही.

सातारी_मोट:
पोरगा रिकामा थोडाच बसलाय? चौदाव्या वर्षी धंदा शिकतोय. कुणाचं कोठार जळालं की गावच्या गाव जमतं आणि नवं उभं करून देतं. आपलं इर्जिक आठवतं का? आपण ते केव्हाच मोडून खाल्लं. १९६५ च्या कायद्यानंतर स्वतःचा व्यवसाय असलेले अमिश सोशल सिक्युरिटीचा कर भरत नाहीत, पण पेन्शनही मागत नाहीत. म्हातारी माणसं घरातच सांभाळतात.

सायकलवाला:
बाकी कर भरतात, शाळेचासुद्धा, हे खरं. पण रस्त्यावरच्या लिदीचं काय ते बोला. पावसात मडगार्ड नसेल तर पाठीवर नक्षी निघते.

होम्सकाउंटीवाली:
इर्जिकीचं कौतुक पुरे झालं. मी ओहायोत राहते, इकडेही अमिश वस्ती मोठी आहे. त्यांच्या एका खोलीच्या शाळेत शिकवणारी मुलगीही बहुतेक वेळा आठवीच शिकलेली असते. बाप्तिस्मा घ्यायच्या आधी पंथातून बाहेर पडलं तर चालतं. घेतल्यावर पडलं तर वाळीत! सख्खी आईसुद्धा एका ताटात जेवत नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. इथे तेच दिसलं की ती 'साधी राहणी' कशी काय होते?

सातारी_मोट:
जातपंचायतीत जन्मानेच अडकतो माणूस. इथे बाप्तिस्मा मोठेपणी, आपणहून घेतात. बहुतेक पोरं राहतातच ना?

होम्सकाउंटीवाली:
आठवी शिकलेला पोरगा बाहेर पडून करणार काय? तुम्ही ह्याला आपणहून म्हणता.

लँकेस्टरकर:
माझं दुखणं नेमकं हेच आहे. योडर खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळं मत नोंदवलं होतं: मुलांना काय हवंय ते मुलांनाच विचारा. आमच्या शेजारच्याला कुणी विचारलं? मीही नाही विचारलं. त्याच्या वडिलांशी संबंध चांगले आहेत, आणि मागच्या बर्फात आमची गाडी त्यांच्याच घोड्यांनी ओढून काढली होती.