खिडकीची गोधडी : घरी शिवलेल्या जाड पडद्यांचे अनुभव

ऊन किंवा थंडी अडवण्यासाठी कुणी घरी थरांचे जाड पडदे शिवले आहेत का? काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा. कापडांची नावंही लिहा. दुकानात विचारलं की ‘ब्लॅकआउट’ तेवढं समोर टाकतात, आणि ते मुळात अंधारासाठी असतं. सुरुवात माझ्यापासून.

पुणे, चौथा मजला

बेडरूमची खिडकी थेट पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी तीननंतर त्या खोलीत बसवत नाही. नवल म्हणजे दक्षिणेची खिडकी त्याच दिवसांत निवांत असते. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर. दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरतच नाही, सगळा मार पूर्व-पश्चिमेच्या काचांवर. म्हणून घरभर पडदे शिवायला घेऊ नका. कुठल्या काचेवर किती वाजता ऊन येतं ते आधी दोन दिवस बघा.

आईच्या दोन सुती साड्या, मध्ये पॉलिस्टर वॅडिंगचा, म्हणजे कापसासारख्या मऊ, फुगीर भरणाचा थर आणि आजी वाकळीला घालायची तसा धावदोरा. डाग दिसू नयेत म्हणून गर्द निळी बाजू काचेकडे केली. तिथेच चुकलं. संध्याकाळी पडद्याला हात लावला तर चांगलाच तापलेला, आणि काच-पडद्यामधली गरम हवा वरच्या फटीतून खोलीत येत होती. मग काचेच्या बाजूला पांढऱ्या मांजरपाटाचं अस्तर लावलं. पांढऱ्यावर पडलेलं ऊन बरंचसं उजेड म्हणूनच काचेतून परत जातं. कापडाने ते शोषून घेतलं की त्याची धग होते, आणि ती धग काच सरळ बाहेर जाऊ देत नाही. फरक पहिल्याच दुपारी जाणवला. मांजरपाट मात्र आधी भिजवून, वाळवून मगच कापा. मी तसं केलं नाही. पहिल्याच धुण्यात ते आटलं आणि सगळा पडदा चुरगळल्यासारखा झाला, तो तसाच आहे.

नागपूर

ताई, अस्तराचं पटलं. पण आमच्याकडच्या उन्हाला काचेच्या बाहेरच अडवावं लागतं. लहानपणी घरी वाळ्याच्या ताट्या होत्या, दुपारभर त्यांच्यावर पाणी मारायचं काम आम्हा पोरांकडे. कोरड्या झळा त्या ओल्या वाळ्यातून आत येताना गार होत. तो वास अजून आठवतो. आता फ्लॅटमध्ये ग्रीलला बाहेरून बांबूची चिक आणि आतून जुन्या चादरींचा चार पदरी पडदा आहे.

पडदा शिवण्याइतकंच त्याचं वेळापत्रक पाळणं महत्त्वाचं. सकाळी आठच्या आत खिडक्या बंद, चिक खाली, पडदा खाली. रात्री बाहेरची हवा उतरली की सगळं उघडं. रात्रीही पडदा तसाच ओढून ठेवला तर दिवसभर तापलेल्या भिंतींची धग खोलीतच कोंडते. आणि कूलर चालत असेल तर समोरची एखादी खिडकी थोडी उघडी हवीच, नाहीतर अंग चिकचिकतं. तिथे जाड पडद्याने फट बंद करू नका.

मिनेसोटा

इथे अमेरिकेच्या उत्तरेला सगळं उलटं. जानेवारीत रात्री उणे २० सेल्सियसच्याही खाली जातं. खिडकीजवळ बसलं की पायांवर गार हवा उतरते. वारा कुठूनही येत नसतो. काचेला लागून गार झालेली हवा जड होऊन खाली येते, जमिनीवर पसरते आणि तिच्या जागी वरून खोलीतली उबदार हवा काचेकडे जाते. पडदा कितीही जाड असो, वर-खाली फट राहिली तर हे चालूच राहतं. माझा पहिला पडदा दांडीवर, भिंतीपासून तीन इंच पुढे लोंबत होता. दोन शनिवार-रविवार घालवून शिवलेला, आणि पाय तसेच गार.

दुसऱ्याला चार थर : काचेकडे पांढरं अस्तर, मग मायलरची चकचकीत फिल्म, वॅडिंग, खोलीकडे शोभेचं कापड. दोन्ही कडांमध्ये छोटे लोहचुंबक शिवून टाकले आणि चौकटीवर लोखंडी पट्टी बसवली. वर वेलक्रो, खाली वजनाला लाकडी पट्टी. यंत्राला १६ नंबरची सुई लागली, टाका लांब ठेवला. टाके वीतभर अंतरावर घाला. गोधडीला दाट टाके शोभतात, पण इथे थर दबला की त्यात अडकलेली हवा जाते, आणि ऊब त्या हवेचीच असते. फिल्मबद्दलही सांगते. कापडांमध्ये दाबून बसलेली फिल्म उष्णता परतवत नाही, त्यासाठी तिच्यासमोर मोकळी हवा लागते. मी ती ठेवली ती बाष्प अडवायला.

कारण पहिल्या हिवाळ्यात पडद्यामागे बुरशी आली. पडदा लागला की खोलीची ऊब काचेपर्यंत पोचत नाही, काच आणखी गार होते, आणि फटीतून गेलेल्या दमट हवेचं तिथे पाणी होतं. खालची लाकडी चौकट काळी पडलेली पाहून फार वाईट वाटलं. आता खालची कड नीट बसवते, सकाळी उठल्याबरोबर पडदा वर करून काच पुसते आणि हवेत ओलावा सोडणारं यंत्र, ह्युमिडिफायर, कमीवर ठेवते. पुन्हा बुरशी आलेली नाही.

रत्नागिरी

आमच्याकडे हा पडदा मार्च ते मे एवढाच. मृगाच्या आधी काढून, दोन दिवस कडक उन्हात टाकून ट्रंकेत. एका वर्षी तसाच राहिला तर गणपतीपर्यंत कुबट वास आणि काळे ठिपके. पावसाळ्यात खिडकीला वारा हवा, गोधडी नको.

ठाणे

घरात रांगतं मूल असेल तर ओढायची दोरी लावू नका. लोंबत्या दोरीचा फास गळ्याला बसू शकतो. आम्ही रिंगा आणि दोरी काढून टाकली. पडदा खालून गुंडाळतो आणि वर शिवलेल्या दोन नाड्यांनी बांधतो. जाड पडद्याची गुंडाळी फुगते, त्यामुळे तो खिडकीच्या फूटभर वर लावा, नाहीतर वरचा उजेड कायमचा जातो.

पुणे, पुन्हा मीच

नागपूरकर, आमच्या सोसायटीत बाहेरून चिक बांधायला मनाई आहे, सभेत पुन्हा विषय काढणार आहे. तोवर मिनेसोटाच्या ताईंसारखं कडा बंद करून बघते. चुंबकाऐवजी आधी वेलक्रोच लावीन. एक विचारायचं राहिलं : वॅडिंगच्या जागी गादीवाल्याकडून पिंजून घेतलेला कापूस कुणी भरला आहे का? वीतभर अंतरावर टाके घातले तर धुतल्यावर त्याचे गोळे होतात का?