घटिकापात्र बुडण्याचा वेळ रोज बदलतो, काय करावे?

डाखकाम (सहकारनगर)

निवृत्तीनंतर पार्किंगच्या एका कोपऱ्यात मी छोटी कार्यशाळा थाटली आहे. आतापर्यंत तिथे लंबकाची दोन घड्याळे दुरुस्त केली आणि एक छायायंत्र केले. या वेळी मात्र काटा, चक्र, स्प्रिंग यांपैकी काहीही नसलेले घड्याळ करायला घेतले आहे. मार्गशीर्षात भाचीचे लग्न आहे. आमच्या आजोळी लग्नात गंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र (तळाला भोक असलेले, हळूहळू भरून एका घटिकेत बुडणारे पात्र) सोडत असत, तसे ते या लग्नातही सोडावे, आणि ते शोभेपुरते न राहता गुरुजींनी त्यावर खरोखरच घटिका मोजाव्यात, अशी इच्छा आहे.

तांबट आळीतून सरळ भिंतीचे तांब्याचे पात्र करून घेतले. व्यास १० सेंटीमीटर, उंची ६ सेंटीमीटर, वजन १५० ग्रॅम. तळाच्या मध्यभागी ०.८ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडले. पहिल्या दिवशी पात्र बुडायला साडेसव्वीस मिनिटे लागली, म्हणून भोक सुईने आणि पॉलिश पेपरने हळूहळू वाढवत २४ मिनिटे ४० सेकंदांपर्यंत आणले. इथवर सगळे ठीक होते. आठवड्याने पाहिले तर तेच पात्र २५ मिनिटे ५० सेकंद घेऊ लागले होते, सकाळी आणि दुपारी वेगवेगळा वेळ येत होता, आणि परवा तर पाणी आत शिरलेच नाही; पात्र अर्धा तास होडीसारखे तरंगत राहिले. घटिका म्हणजे २४ मिनिटे, आणि मला तेवढीच हवी आहेत. भोक आणखी वाढवू का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तपकीर गल्लीचा वारकरी

एक रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारे बटण), एक चुंबक, एक मायक्रोकंट्रोलर (छोटी संगणक-चिप) आणि छोटी गिअर मोटर घेतली, तर पात्र बुडताच घंटा वाजेल आणि मोटर ते उचलून, रिकामे करून पुन्हा पाण्यावर ठेवेल. तीन-चारशे रुपयांत काम होईल. वेळेचा फरकही मायक्रोकंट्रोलर सांभाळून घेईल.

द्रवगती

वरील सूचना चांगली आहे, परंतु वेळ मायक्रोकंट्रोलरच सांभाळणार असेल तर पात्राला करण्यासारखे काही उरत नाही. मूळ प्रश्नाकडे वळतो, आणि प्रथम एक विनंती करतो की कृपया भोकाला आता हात लावू नका.

तरंगणाऱ्या पात्राच्या आतले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा नेहमी थोडे खाली असते आणि या फरकामुळेच पाणी भोकातून वर येते. तुमच्या मापांवरून हा फरक दोन सेंटीमीटरपेक्षा किंचित कमी येतो. भिंती सरळ असल्यामुळे तो सुरुवातीपासून बुडेपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणजे पाणी एकसारख्या वेगाने भरते. अर्धगोल पात्रात असे होत नाही, त्यामुळे तुमची निवड (जाणून केलेली असो वा नसो) फार उत्तम आहे. बुडेपर्यंत आत सुमारे ३२० घनसेंटीमीटर पाणी यावे लागते. हे २४ मिनिटांत, म्हणजे ६० पळांत यायचे असेल, तर एका पळात सव्वापाच घनसेंटीमीटर, साधारण चहाचा एक चमचा पाणी येते. पात्राच्या आत दर एक सेंटीमीटरवर बारीक रेघ ओढलीत, तर प्रत्येक रेघ साधारण १५ पळांची होईल आणि गुरुजींना पात्र बुडण्याआधीच किती घटिका सरली ते वाचता येईल.

आता पाणी आत का शिरले नाही ते पाहू. पृष्ठताणामुळे ०.८ मिलिमीटरच्या भोकाच्या तोंडाशी पाण्याचा फुगीर थेंब अडकून बसतो, आणि तळ तेलकट असला तर तो फोडायला साधारण पावणेचार सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब लागतो. तुमच्याकडे जेमतेम दोन सेंटीमीटरचा दाब आहे. तांबे स्वच्छ असेल तर तो थेंब फुगून बसण्याऐवजी तळावर पसरतो आणि प्रवाह सुरू होतो; बोटांचा तेलकटपणा किंवा पॉलिशचा अंश राहिला की अडतो. एकदा भोकावर आतून पाण्याचा थर आला की हा अडथळा उरत नाही. म्हणून पात्र सोडण्यापूर्वी त्यात मोजून एक चमचा पाणी घालावे. त्याने वेळ एका पळाने कमी होईल, पण तो दर वेळी तेवढाच कमी होईल.

राहिला प्रश्न सकाळ-दुपारचा. पाण्याचे तापमान २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्याची चिकटता सुमारे एक पंचमांशाने घटते. प्रवाहात इतका मोठा फरक पडत नाही, मात्र भोक लहान आणि पत्रा जाड असेल तर तो जाणवण्याइतका नक्कीच पडतो. गंगाळात तापमापक ठेवून नोंदी कराव्यात.

वेळ जुळवायचा तो वजनाने. पात्र जड केले की आतबाहेरच्या पातळीतला फरक वाढतो आणि बुडण्यासाठी आत यावे लागणारे पाणीही कमी होते. तुमच्या पात्रात ५ ग्रॅम वाढवले तर वेळ अंदाजे पाऊण मिनिटाने घटेल. तांब्याच्या तारेची कडी करून आत ठेवली तर चूक झाल्यास ती काढताही येते. वाढवलेले भोक मात्र डाख घालून पुन्हा पाडल्याशिवाय लहान होत नाही. याच हिशेबाने मोटरची किंवा घंटेची दोरी पात्राला बांधू नये. दोरीने ५ ग्रॅमचा ताण दिला तर घड्याळ तेवढेच मागे पडते.

तांबट आळीचा शेजारी

द्रवगती यांनी गणित सांगितले, मी घासण्याचे सांगतो. आठवड्यात मिनिटभर वेळ वाढला याचा अर्थ भोक बुजत चालले आहे. तुमच्याकडे बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल तर त्याचा क्षार भोकाच्या कडेला बसतो. गंगाळात पडलेला कापसाचा एक तंतूसुद्धा पुरतो. पात्र चिंचेने आतून-बाहेरून घासावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि नंतर आतल्या बाजूला बोट लावू नये. पाणी दुहेरी मलमलीतून गाळून घ्यावे. चाचण्यांसाठी बॅटरीत घालायचे पाणी वापरले तर क्षाराचा प्रश्नच मिटतो. ड्रिल बाहेर पडते त्या बाजूला भोकाभोवती बारीक बर (धातूची खरखरीत कड) राहते, ती भिंगाखाली पाहून घासून काढावी, कारण तंतू अडकतो तो तिथेच.

आणखी एक गोष्ट पाहावी. मठारकाम (हातोडीने ठोकून भांडे घडवणे) हाताचे असल्यामुळे पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो आणि पात्र किंचित कलते. ज्या बाजूची कड खाली असते तिथून पाणी आधी आत येते आणि पात्र काही पळे लवकर बुडते. ती तारेची कडी उंच बाजूला सरकवून बसवली की वजन आणि समतोल दोन्ही साधतील. आमच्या घरात एक जुने घटिकापात्र होते, त्याच्या आत एका बाजूला डाखेचा टिपका होता. तो कशासाठी असावा हे मला आज कळते आहे.

पंचांगप्रेमी

२४ मिनिटांच्या हट्टाविषयी थोडे लिहितो. सूर्यसिद्धान्तात तळाशी भोक असलेले तांब्याचे पात्र कुंडातल्या निर्मळ पाण्यात अहोरात्रात साठ वेळा बुडते, एवढेच सांगितले आहे. पाणी निर्मळ हवे हे तिथेही आवर्जून नोंदवलेले आहे. इतर काही ग्रंथांत मात्र पात्राचे वजन दहा पळे (इथे पळ हे वजनाचे जुने माप, वेळेचे नव्हे), उंची सहा अंगुळे, आणि भोक अमुक वजनाच्या सोन्याच्या सुईने पाडलेले, अशी मापे येतात. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ही मापांची अट बाजूला ठेवली. त्यांचे म्हणणे असे की पात्राला मोठे भोक पाडावे, ते दिवसरात्रीत किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्राला भागावे. जे उत्तर येईल ते त्या पात्राचे माप. भोक मोठे का, याचे कारण वरचे दोन प्रतिसाद वाचल्यावर वेगळे सांगायला नको. आपले पात्र २४ मिनिटे १० सेकंदांत बुडत असेल तर बुडू द्यावे, फक्त तो आकडा गुरुजींना आधी सांगावा. मुहूर्तासाठी सूर्योदयापासून दहा घटिका मोजायच्या असतील, तर दर वेळचे दहा सेकंद मिळून शंभर सेकंद होतात. तेवढे शेवटी वजा करता येतात. मात्र पात्र आज २४ आणि उद्या २६ मिनिटे घेत असेल तर त्याला काही उपाय नाही. म्हणून एका चाचणीवर विसंबू नये, सलग दहा वेळा बुडवून सरासरी काढावी.

दर वेळी पात्र उचलून रिकामे करण्यात चार-पाच सेकंद जातात, तेही हिशेबात धरावेत. पूर्वी या कामावर एक माणूस बसवलेला असे आणि त्याला दुसरे काम देत नसत.

घंटेची हौस असेल तर अल्-जझरी या मध्ययुगीन यंत्रकाराच्या १२०६ च्या ग्रंथातले हत्तीचे घड्याळ पाहावे. हत्तीच्या पोटातल्या टाकीत असेच भोकाचे पात्र दर अर्ध्या तासाने बुडते आणि बुडताना दोरी ओढून वरची सगळी यंत्रणा हलवते. अर्थात, द्रवगती यांचा दोरीविषयीचा इशारा लक्षात ठेवूनच!

डाखकाम (सहकारनगर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंगाखाली पाहिले तेव्हा बर तर होतीच, शिवाय तिच्यात पॉलिश पेपरचा कण अडकलेला होता. पात्र चिंचेने घासले, पाणी गाळून घेतले आणि एक चमचा पाणी आधी घालून रविवारी सकाळी सहापासून सलग दहा वेळा बुडवले. सरासरी २४ मिनिटे २९ सेकंद आली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळेतला फरक १४ सेकंदांचा होता. मग ३ ग्रॅमची कडी उंच बाजूला बसवली आणि सोमवारी पुन्हा दहा वेळा बुडवल्यावर सरासरी २४ मिनिटे ४ सेकंद मिळाली. दुपारी पाणी ५ अंशांनी गरम होते तेव्हा हाच वेळ ११ सेकंदांनी कमी येतो, म्हणून लग्नाच्या दिवशी गंगाळ मांडवात न ठेवता ओसरीच्या सावलीत ठेवणार आहे.

रीड स्विचचा विचार सोडला आहे. पात्र उचलण्याचे काम भाचीच्या धाकट्या भावाने मागून घेतले आहे आणि तो आत्तापासूनच हातात स्टॉपवॉच घेऊन बसतो. आतल्या १५ पळांच्या रेघा ओढायच्या राहिल्या आहेत. त्या कोरल्या तर वजन किती घटेल हे आधी तोलून पाहतो.