एमआरआय नॉर्मल, तरी ४ महिने कंबरदुखी : सूर्यनमस्कार बंद करू का?

प्रश्न : वय २६, दिवसाला ९ तास बैठं काम. कंबर खालच्या बाजूला दुखते, पायात कळ नाही. उठल्याउठल्या १२ सूर्यनमस्कार घालते, नंतर दिवसभर जास्तच ठणकतं. व्यायाम सोडू की बदलू? पट्टा लावावा का?

प्रतिसाद १ : सोडू नका, वेळ बदला. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून पहिल्या तासाभरात वाकणं त्यांना जड जातं. एका नमस्कारात हस्तपादासन दोनदा येतं, म्हणजे १२ नमस्कारांत २४ वेळा कंबरेतून वाकणं, तेही अंथरुणातून थेट! सध्या संध्याकाळी हे करा :

बर्ड-डॉग : तळहात आणि गुडघे जमिनीला टेकून ओणवं व्हा, उजवा हात पुढे, डावा पाय मागे. १० सेकंद धरा, श्वास कोंडू नका. प्रत्येक बाजूला आधी ६ वेळा, मग ४, मग २. बहुतेकींचा पाय कुल्ल्याच्या वर जातो आणि कंबर खचते. माकडहाडाच्या वरच्या सपाट जागी पाण्याची अर्धी वाटी ठेवा. सांडली की समजा, कंबर फिरली.

साइड प्लँक : कुशीवर झोपा, गुडघे दुमडून कोपराच्या आधाराने कंबर उचलून धरा. कोपर बरोबर खांद्याखाली, पुढे सरकलं की खांदा दुखणार. आकडे तेच.

पोटासाठी सिट-अप्स नकोत. उताणं झोपून एक गुडघा दुमडा, तळहात कंबरेखालच्या पोकळीत ठेवा आणि डोकं-खांदे जेमतेम वहीच्या जाडीएवढे उचला.

प्रतिसाद २ : ठीक, पण एवढ्यावर थांबू नका. यात ताकद फार वाढत नाही. दोन आठवड्यांनी सेतुबंध (उताणं झोपून, गुडघे दुमडून कुल्ले उचलणं; १० चे ३ सेट) आणि वाकण्याचा सराव जोडा. झाडूचा दांडा पाठीला लावा : डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही टेकलेली हवीत. कुल्ले मागे ढकलत वाका, एक जरी जागा सुटली तरी तिथेच थांबा. हे जमलं की पाव बादली पाणी, मग अर्धी. दुखणं १० पैकी ३-४ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर आकडे निम्मे करा. पाळीत जड वाटलं तर तेच. पट्टा नको, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही त्याची शिफारस नाही.

प्रतिसाद ३ : त्याआधी एक बघा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, हालचालीने सुटतो आणि पहाटे दुखून जाग येते, असं असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. कंबरेच्या साध्या एमआरआयमध्ये माकडहाडाशेजारचे सांधे नीट येतीलच असं नाही. दुखणं पाळीबरोबरच येत-जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्नकर्ती : ताठरपणा पाचेक मिनिटांत जातो. वाटी मात्र लगेच सांडली.

प्रतिसाद १ : मग हात उचलूच नका. फक्त पाय मागे सरकवा, अंगठा फरशीला टेकलेला ठेवून. आठवडाभर वाटी टिकली की पाय उचला, हात त्यानंतर.