मार्च-एप्रिलात आईबापच मेटाकुटीला येतात तेव्हा... काय करता ते लिहा

गोवावेसकर
आज ग्रुपवर कुणीतरी परीक्षेचं वेळापत्रक टाकलं आणि मागचे सगळे मार्च आठवले. मुलांच्या अभ्यासावर बोलणारे पुष्कळ आहेत, हा धागा त्यांच्या मागं उभं राहून दमलेल्यांसाठी. एफए-४ (वर्षातली चौथी छोटी चाचणी) चे प्रोजेक्ट, एसए-२ (वार्षिक परीक्षा), कन्नडचा पेपर (आपल्या बेळगावकडं मराठी माध्यमालाही असतो), पुढच्या वर्षीची फी, आणि नळाला पाणी कधी येणार त्याचा पत्ता नाही. नुसता धीर देऊ नका, कृती लिहा. काय कमी केलं, काय कुणाकडं सोपवलं, वेळ कुठं वाचला.

अनगोळची आत्या
रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करा. ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या सालीची मूगडाळ. दोन्ही वेगवेगळं धुऊन कापडावर खडखडीत वाळवायचं. डाळ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायची, तांदूळ नुसता हाताला गरम लागेपर्यंत. पूर्ण गार झाल्यावर जिरं, हळद, हिंग मिसळून डब्यात. मीठ आत्ता घालायचं नाही, ओल धरतं. गरम असताना झाकण लावलं तर आतल्या वाफेनं मिश्रण कुबट होतं, बहुतेकांचं तिथंच बिघडतं. लागेल तेव्हा १ वाटी मिश्रण, साडेतीन वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तूप, कुकरच्या ४ शिट्ट्या. वर कांदा-लसूण तिखट. परीक्षेचे पंधरा दिवस रात्री भाकरी थापायची नाही असं घरात सांगून टाका. सांगितलं नाही तर रोज कुणीतरी विचारतंय.

खडेबाजार_कट्टा
आत्या, ओला वाटाणा चालतो काय त्यात?

अनगोळची आत्या
चालतो की. पण आयत्या वेळी घाल, डब्यात नाही.

टिळकवाडी_माई
जरा सविस्तर लिहिते, कारण दमणूक आणि बर्नआउट (सततच्या बोजानं आतून पार रितं होणं) यांत लोक गल्लत करतात.

बेल्जियमच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलाइचाक या दोघींनी पालकांच्या बर्नआउटवर बरंच काम केलंय. २०१८ साली त्यांनी मोजमापाची प्रश्नावली तयार केली, त्यात २३ विधानं आहेत. चार गोष्टी पाहतात. एक, सकाळी उठल्या उठल्या "आज परत मुलांचं सगळं करायचं" या विचारानंच गळून जाणं. दोन, मुलांपासून मनानं लांब जाणं: डबा, गणवेश, औषध सगळं वेळेवर, पण पोरगं काही सांगायला आलं की कान बंद. तीन, आईपण-बापपण नकोसं होणं. चार, "मी अशी नव्हते" हे सतत टोचत राहणं. साधी दमणूक दोन रात्री नीट झोप झाली की उतरते. ही उतरत नाही, कारण उठल्यावर तोच बोजा तितकाच समोर असतो.

त्यामुळं "मे महिन्यात विश्रांती घेऊ" हे गणित चुकतं. बोजा मार्चमध्येच कमी करावा लागतो. त्या दोघींची मांडणीही तीच आहे: ताण वाढवणाऱ्या गोष्टी एका पारड्यात, आधार दुसऱ्या पारड्यात, आणि पहिलं पारडं फार काळ खाली राहिलं की माणूस कोसळतो. ताणाच्या पारड्यात "सगळं आपणच, आणि अगदी नीटच" हा हट्ट फार जड असतो. प्रोजेक्टच्या फाइलीला बॉर्डर आईनं आखायची नाही. वाकडी आली तर वाकडी जाऊ दे.

आणि नैराश्य वेगळं. बर्नआउटमध्ये मुलांचं सोडून बाकी गोष्टींत जीव रमतो, मैत्रिणीशी बोलताना हसू येतं. कशातच मन लागेना, झोप-भूक उडाली, जगणं नको वाटलं, तर धाग्यावर विचारत बसू नका, डॉक्टर गाठा.

वडगाव_मागवाला
ज्यांच्या घरातच माग आहे त्यांच्यासाठी. माग चालू असताना पाठांतर करायला बसवू नका. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पोरगं ओरडून वाचतंय, मग आपण ओरडतोय, आणि दोघांचंही डोकं उठतंय. माग चालू असेल त्या वेळी लिहायचं काम: गणितं, नकाशे, शुद्धलेखन. लाईट गेली किंवा माग थांबला की पाठांतर आणि तोंडी. दिवसाची वाटणी एवढी बदलली तरी संध्याकाळची निम्मी भांडणं जातात.

निपाणी_बिडीगल्ली
विड्या वळणाऱ्या बायकांचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. मांडीवर सूप, शेजारी पोराचं दप्तर, हे बंद करा. तंबाखूची धूळ वहीवर, पोराच्या नाकात, आणि आपलं लक्ष दोन्हीकडं अर्धं अर्धं. ना विड्या होतात, ना अभ्यास. सूप दाराकडं, जिथं वारा बाहेर जातो तिथं. पोरगं आतल्या भिंतीला. पानं कापून ठेवायचं काम पोरं शाळेत असताना, वळायचं काम ती वाचत असताना, आणि विचारायला आली तर "ही एवढी जुडी झाली की" असं ठरलेलं उत्तर. मध्येच उठायचं नाही. जेवण वाढायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवा.

कंग्राळी बुद्रुक
निपाणीच्या अक्का, फार नेमकं लिहिलासा 🙏

उद्यमबाग_दुसरी पाळी
बापांसाठी. "काय मदत करू?" असं विचारू नका. विचारलं की लक्षात ठेवायचं काम तिच्याकडंच राहतं आणि दमवतं तेच. एक आख्खं खातं घ्या. उदा. कन्नड तुमचं: पुस्तक कुठं आहे, कुठला धडा राहिला, पेपर कधी, बाईंना काय विचारायचं, सगळं तुमच्याकडं. कालनिर्णयवर त्या तारखेला तुमच्या नावाचं अक्षर. दुसरी पाळी असेल तर सकाळी ७ ते साडेसात तुमचं, मग रात्री तिला विचारायचंसुद्धा नाही.
शाळेच्या ग्रुपचा आवाज बंद. दिवसातून दोनदाच बघायचा, दुपारी आणि रात्री ८ ला. नोटीस कन्नडमध्ये आली तर फोनमधल्या गुगल लेन्सनं फोटोवर भाषांतर होतं, पण तारखा आणि वेळ मूळ कागदावरूनच घ्या.

हिंडलगा_स्मि
कन्नडचंच विचारणार होते. घरी कुणालाच लिपी येत नाही, पोरगी मराठी माध्यमात. कसं घ्यायचं?

उद्यमबाग_दुसरी पाळी
ताई, चुका कुठं होतात ते माहीत असलं की पुरतं. मराठीत ए आणि ओ एकेकच, कन्नडमध्ये दोन्ही ऱ्हस्व आणि दीर्घ. कागुणितात (कन्नडच्या बाराखडीत) पोरं तिथं अडखळतात. दुसरं, ओत्तक्षर: जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लिहितात आणि त्याचं रूप बरेचदा मूळ अक्षरासारखं दिसत नाही. तिसरं, अर्कावत्तू. र चा उच्चार आधी, पण खूण अक्षराच्या नंतर. आपली पोरं रफारासारखी डोक्यावर द्यायला जातात. रोज १० शब्द, फक्त या तीन प्रकारचे. शेजारच्या कन्नड ताईंकडून शब्द मोबाईलवर बोलून घ्या, पोरगी ऐकून लिहील, आणि पुस्तकात बघून स्वतःच तपासेल. तुम्ही फक्त घड्याळ बघायचं, १५ मिनिटं.

हिंडलगा_स्मि
हे जमेल. समोरच्या अक्कांना आजच सांगते.

शहापूर_संध्या
हात उगारला जायच्या आधीचं लिहिते. जबडा आवळतो, आवाज चढतो, तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला जातो. तेव्हाच पुस्तक मिटायचं. "मी पाच मिनिटांनी येते" एवढंच बोलायचं, न सांगता उठलं तर पोर घाबरतं. लहान असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाजवळ किंवा जिथं गॅस, पाण्याची टाकी नाही अशा जागी. तोंडावर गार पाणी. श्वास घ्यायला ४ अंक, सोडायला ६, असं दहा वेळा. सोडणं लांबवलं की धडधड उतरते. परत आल्यावर तोच प्रश्न नाही, सोपा घ्यायचा.
वारंवार घर सोडून जावंसं वाटायला लागलं किंवा हात आवरेना, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावातही सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

चिक्कोडी रोड
दहावीवाल्यांनो, २०२४ पासून एसएसएलसीची (कर्नाटकातली दहावी) वर्षात एकाहून जास्त वेळा परीक्षा होते, आणि त्यांतले चांगले गुण धरतात. एक पेपर बिघडला म्हणून रात्रभर घर जागवू नका, दुसऱ्या दिवशीचा पेपरही बिघडतो. तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास झोप लागते, सहा ते बारा वयाला ९ ते १२. पोरं वेळेत झोपली तर आपल्यालाही रात्रीचा एक तास मिळतोय.

येळ्ळूरची वैनी
गल्लीतल्या चार घरांनी पोरं वाटून घ्या. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, संध्याकाळी ५ ते ७. नियम आधीच ठरवा: पाण्याची बाटली आपली, खाऊ फक्त चुरमुरे-शेंगदाणे, टीव्ही नाही, ७ ला न्यायला यायचं म्हणजे ७ लाच. वेळ पाळली नाही की दोन आठवड्यांत ही व्यवस्था मोडते. बाकीचे तीन दिवस ते दोन तास तुमचे. त्यात घर झाडायचं नाही, पडून राहायचं. नळाचा दिवस मात्र कुणाला देऊ नका, पाणी भरताना घरात पोरांची गर्दी नको.

खानापूर_फणस
सुट्टीचं आत्ताच बघून ठेवा. आपल्याकडं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुट्टी लागते, कोल्हापूर-सांगलीकडं मे उजाडतो. एप्रिलमध्ये आजोळी पाठवलं तर तिथली भावंडं शाळेत आणि आपली पोरं मामीच्या डोक्यावर. मे चे पहिले तीन आठवडे जुळतात. तिकडची शाळा जूनच्या मध्यावर, आपली त्याच्या पंधरा दिवस आधी, म्हणून परतीचं आधी ठरवा, नाहीतर रडारड. आणि पोरं गेल्यावर पहिले दोन दिवस पापड-सांडगे काढू नका. आमच्याकडं फणस तेव्हा तयार असतात, या खायला.

हिंडलगा_स्मि
कापा की बरका? 😄

खानापूर_फणस
दोन्ही. विळीला आणि हाताला खोबरेल लावून घ्या, चीक चिकटत नाही.

अनगोळची आत्या
आजोळ कर्नाटकातच असेल तर बायकांना राज्य सरकारच्या शक्ती योजनेत साध्या बसला पैसे पडत नाहीत, इथल्या पत्त्याचं आधार जवळ असू दे. शून्याचं तिकीट कंडक्टरकडून मागून घ्या. हद्दीपलीकडं जाणाऱ्या बसला चढायच्या आधी विचारा.

खडेबाजार_कट्टा
आत्या, मिश्रण केलं. ४ वाट्यांचं प्रमाण चौघांना किती दिवस जाईल?

अनगोळची आत्या
एका वेळी दीड वाटी धर. सगळं मिळून ६ वाट्या, म्हणजे चार रात्री. दुप्पट करून ठेव, पण दोन डब्यांत. एकच डबा रोज उघडला की दमट होतो.