वर्डप्रेसमध्ये लेआउटच्या (मांडणीच्या) सेटिंगखाली मदतीची ओळ कशी असावी?

संत्रापट्टा (धागाकर्ता)

वरूड तालुक्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा आणि हल्ली साइटही. शेंदुरजना घाटचा पट्टा रोपवाटिकांचा, त्यामुळे पावसाळा तोंडावर आला की ज्याला त्याला भावफलक टाकायचा असतो. एका रोपवाटिकेच्या पोरानं तो स्वतःच बनवला. वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, त्यात पान ब्लॉक नावाच्या तुकड्यांनी जोडतात. त्यानं शेजारी-शेजारी रकाने देणारा कॉलम ब्लॉक घेतला. डावीकडे माल: जंबेरी खुंटावरची संत्रा कलम, रंगपूर खुंटावरची, मोसंबी, कागदी लिंबू. उजवीकडे भाव. लॅपटॉपवर झकास दिसतं. मोबाइलवर आधी सगळी नावं एकाखाली एक, आणि ती संपल्यावर सगळे भाव. मोसंबीचा भाव कोणता, ते शेतकऱ्यानं बोटावर मोजून काढायचं.

सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. स्क्रीन ७८२ पिक्सेलपेक्षा अरुंद असली की एक अख्खा कॉलम वर आणि दुसरा अख्खा खाली जातो. 'स्टॅक ऑन मोबाइल' (मोबाइलवर एकाखाली एक) हे बटण मुळातच चालू असतं. पण कशाखाली काय जाणार, हे बटणापाशी कळत नाही.

अनेक ब्लॉक एकत्र ठेवणाऱ्या ग्रुप ब्लॉकमध्ये मदतीची ओळ आहे, म्हणजे सेटिंग काय करतं ते सांगणारा बारीक मजकूर. तिचा मतलब असा की आतले ब्लॉक मजकुराची रुंदी वापरतात आणि वाइड (जास्त रुंद), फुल (पूर्ण रुंद) हे पर्यायही मिळतात. आता मजकुराची रुंदी म्हणजे किती? ती थीम, म्हणजे साइटचा तयार साज, ठरवते. ट्वेंटी ट्वेंटी-फोर या थीममध्ये ६२० पिक्सेल. हे ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठीच ती ओळ लिहिल्यासारखी वाटते.

माझं म्हणणं एवढंच: लेआउटच्या सेटिंगखाली, साइट बघणाऱ्याच्या मोबाइलवर काय दिसेल ते लिहा. गिटहबवर, म्हणजे जिथं या सॉफ्टवेअरचं काम चालतं तिथं, तशी मागणी टाकणार आहे. बोला.

वर्धेचा कोडवाला

विरोध. कॉलम भावफलकासाठी नाहीतच, त्याला टेबल ब्लॉक आहे. विळ्यानं खिळा ठोकणाऱ्यासाठी विळ्यावर चिठ्ठी चिकटवायची का? शिवाय त्या ओळी वाचतो कोण? लोक बटण दाबतात, काय झालं ते बघतात, नाही पटलं तर परत दाबतात. मी स्वतः तेच करतो. मेहनत घ्यायचीच तर प्रिव्ह्यूवर, म्हणजे पान कसं दिसेल ते आधीच दाखवण्यावर, घ्या.

धामणगाव लाइन

दाबून पाहा म्हणता, पण पाहावं कुठं भाऊ? आमच्या इकडं लोकं साइट मोबाइलवरच बनवून राहिले. तिथं सेटिंगची पट्टी उघडली का पूर्ण स्क्रीन झाकते, मागचं पान दिसतच नाही. बटन दाबा, पट्टी बंद करा, पान सरकवा, पाहा, नाही जमलं तं परत पट्टी उघडा. तोवर कोणतं बटन दाबलं होतं तेच इसरते माणूस. अन् मधात लाइट गेली का नेटवर्क बी जाते. तिथं ते एक ओळच कामाची हाये.

वर्धेचा कोडवाला

हा मुद्दा मान्य, पट्टी झाकतेच. पण मग पट्टी दुरुस्त करा ना! अर्ध्या स्क्रीनवर पट्टी आणि अर्ध्यावर पान, असं काही. डिझाइनचं भोक मजकुरानं बुजवायची सवय वाईट.

भाषांतरवाली

मी फावल्या वेळात वर्डप्रेसमधल्या ओळी मराठीत करते, आणि माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. इंग्रजीतली ओळ कोणी 'सुधारली' की ती आमच्यासाठी नवी ओळ होते. जुनं भाषांतर लागू होत नाही. नवं होऊन मंजूर होईपर्यंत मराठी स्क्रीनवर मधेच ती एक ओळ इंग्रजीत दिसते. म्हणजे ज्या पोरासाठी तुम्ही हे करताय, त्याची असलेली मदतही काही काळ जाणार. ओळ आमच्याकडे येते तीही सुटी, सोबत स्क्रीनचं चित्र नसतं.

आणखी एक. लॅपटॉपवर ती पट्टी २८० पिक्सेल रुंद आणि मदतीचं अक्षर १२ पिक्सेलचं, करड्या रंगात. त्या मापात 'द्ध' आणि 'ध्द' वेगळे ओळखून दाखवा. तीन वाक्यं लिहाल तर जोडाक्षरांचा नुसता गाळ दिसेल.

संत्रापट्टा

ताई, भाषांतराचं पटलं. म्हणून सगळ्या ओळींना हात लावू नये. रिकामी जागा सोडणाऱ्या स्पेसर ब्लॉकला कोणी समजावून सांगायची गरज नाही, ओढला की उंची वाढते. जिथं लॅपटॉपवर एक आणि मोबाइलवर भलतंच दिसतं, तेवढीच सेटिंग घ्यावीत.

चांगली ओळ याच सॉफ्टवेअरमध्ये आहे की. 'एचटीएमएल अँकर'खालची पाहा. एखाद-दोन शब्द जागा न सोडता लिहा, या ब्लॉकचा स्वतंत्र पत्ता तयार होईल, मग पानाच्या या भागाची थेट लिंक देता येईल. काय टाइप करायचं आणि त्यानं काय मिळेल, दोन्ही आलं. अँकरची व्याख्या सांगत बसले नाहीत.

ऐकून वापरणारा

मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो. बटणावर आलो की आधी नाव ऐकू येतं, मग चालू की बंद, मग तुमची मदतीची ओळ. दर वेळी. तुम्ही डोळ्यांनी ओळ गाळता, मला मात्र ऐकणं तोडून पुढे जावं लागतं. आणि प्रिव्ह्यू कितीही झकास केला तरी माझ्या कामाचा नाही, त्यामुळे कोडवाले भाऊंच्या बाजूनेही मी नाही. ओळ हवी, पण कामाचं पहिल्या चार-पाच शब्दांत सांगा. बाकीचं लिंकमागे ठेवा.

संत्रापट्टा

मग हा मसुदा घ्या. बटण चालू असताना: "मोबाइलवर डावा कॉलम पूर्ण वर, उजवा पूर्ण खाली. ओळीला ओळ जुळवायची असेल तर टेबल वापरा." बंद असताना: "मोबाइलवरही कॉलम शेजारी-शेजारी राहतील, अरुंद होतील." चालू-बंदप्रमाणे मजकूर बदलणं ग्रुप ब्लॉकमध्ये आजही होतं, त्यामुळे नवं काही मागत नाही.

भाषांतरवाली

दुसरी ओळ चालेल. पहिली आखूड करा.

वर्धेचा कोडवाला

डावा-उजवा काढा. कॉलम तीन असले तर मधल्याचं काय? आणि उर्दू साइटवर पहिला कॉलम उजवीकडे असतो, तिथं तुमची ओळ सरळ खोटी ठरेल. 'मोबाइलवर पहिला कॉलम पूर्ण, मग त्याखाली दुसरा' असं लिहा. टेबलची जाहिरात तर नकोच, ती कॉलम ब्लॉक निवडतानाच्या वर्णनात गेली पाहिजे. बटणापर्यंत येईस्तोवर माणसानं सगळा भावफलक भरून टाकलेला असतो. मागणी टाका, लिंक इथं द्या. तिथंही विरोधच लिहिणार आहे.