युरोपातील हवेत कणांचा आकार ठिकाणागणिक इतका का बदलतो?

रानवारा (प्रश्न)

युरोपातील ग्रामीण भागांत असलेल्या हवामापन केंद्रांची आकडेवारी सध्या मी ताडून पाहत आहे. फिनलंडमधील ह्यूतिआला हे केंद्र पाइनच्या जंगलात असून तेथे पीएम २.५ (अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण) अगदी कमी असते. तरीही वसंत ऋतूतील काही दिवशी कणांची संख्या दर घनसेंटीमीटरला १०,००० च्या आसपास जाते. उलट उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात पीएम २.५ कितीतरी पटींनी अधिक असूनही संख्येतील फरक त्या मानाने थोडाच दिसतो. दोन्ही आकडे बरोबर असतील, तर स्वच्छ हवा कोणती म्हणायची? आणि एकाच खंडात आकारांची एवढी तफावत कशामुळे पडते?

मेघमाला

दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण पीएम २.५ हे वजन आहे आणि दुसरा आकडा निव्वळ मोजणीचा आहे. गोल कणाचे आकारमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ३०० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) एक कण २० नॅनोमीटरच्या सुमारे ३,४०० कणांइतका भरतो. कणांची घनता पाण्याच्या दीडपट धरून हिशेब केला, तर घनसेंटीमीटरमधील २० नॅनोमीटरच्या ५,००० कणांचे वजन घनमीटरला ०.०३ मायक्रोग्रॅमच होते, तर ३०० नॅनोमीटरचे १,००० कण घनमीटरला २१ मायक्रोग्रॅम भरतात.

ह्यूतिआलामध्ये १९९६ पासून कणांच्या आकाराची अखंड नोंद ठेवली जाते. झाडांतून बाहेर पडणाऱ्या टर्पीनसारख्या वाफांचे हवेत ऑक्सिडीकरण होते. एखाद्या निरभ्र दिवशी गंधकाम्लाच्या रेणूंभोवती तीन-चार नॅनोमीटरचे नवे कण दुपारच्या सुमारास एकदम दिसू लागतात आणि या वाफा शोषत तासाला काही नॅनोमीटर या गतीने दुसऱ्या दिवसापर्यंत वाढत राहतात. वेळ आडव्या अक्षावर आणि आकार उभ्या अक्षावर घेतला की आलेखात वर झुकत जाणारा केळ्यासारखा पट्टा उमटतो; या क्षेत्रातील मंडळी त्याला ‘केळे’च म्हणतात. हे बहुतांश कण तरुण आणि हलके असल्याने वजनात त्यांचा पत्ताच लागत नाही.

पो खोऱ्यात उत्तरेस व पश्चिमेस आल्प्स, तर दक्षिणेस अपेनाइन्स आहेत. हिवाळ्यात वारा पडलेला असतो आणि तापमानाच्या विपरीततेमुळे (खाली थंड आणि वर उबदार हवा) हवा खालीच कोंडते. शेती आणि पशुपालनातून येणारा अमोनिया व वाहनांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांपासून बनणारे अमोनियम नायट्रेट थंडीत कणरूपात टिकते, शिवाय लाकूड जाळल्याचा धूर त्यात मिसळतो. नवा बारीक कण जन्मला तरी तो आधीच्या मोठ्या कणांवर आदळून त्यांत विरतो. म्हणून तेथे १०० नॅनोमीटरच्या वरच्या जुन्या, वाढलेल्या कणांचा वाटा मोठा असतो.

डोंगरवाट

वरील उत्तर योग्यच आहे. मात्र ‘उत्तरेकडे बारीक, दक्षिणेकडे जाड’ असा निष्कर्ष त्यातून कृपया काढू नये, कारण उंचीने पडणारा फरक कित्येकदा अक्षांशाच्या फरकाहून मोठा असतो. पो खोऱ्याच्याच दक्षिणेस, अपेनाइन्समधील मोंते चिमोने हे २,१६५ मीटर उंचीवरील केंद्र हिवाळ्यात बहुतेक वेळा खालच्या कोंडलेल्या थराच्या वर राहते. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख तर साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे. उन्हाळ्यात दुपारी दरीतील तापलेली हवा तेथवर चढते आणि कणसंख्या वाढते. अशा केंद्राची वार्षिक सरासरी काढली, तर दोन वेगळ्या हवांची बेरीज हाती येते आणि त्यातून कोणत्याच हवेचे वर्णन होत नाही.

खारावारा

किनाऱ्यांचा उल्लेख राहून गेला. आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील मेस हेडमध्ये अटलांटिकवरून वारा येत असताना कणांच्या आकाराच्या आलेखात दोन शिखरे दिसतात आणि मधल्या भागात खाच राहते. ढगातील थेंब ज्या कणांवर बनतात ते कण थेंबात विरघळलेले वायू घेऊन मोठे होतात, बाकीचे लहानच राहतात, आणि मधली ही खाच तशीच शिल्लक उरते. आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवरील झेपेलिन केंद्रात ऋतूंनुसार चित्र पालटते: वसंताच्या सुरुवातीला दुरून आलेले, मुरलेले कण अधिक, तर उन्हाळ्यात पावसाने हवा धुतली गेल्यावर तेथेच जन्मलेले बारीक कण अधिक.

ग्रीसच्या क्रीट बेटावरील फिनोकालिया केंद्राला सहाराची धूळ येते, पण ती बहुतांशी एक मायक्रोमीटरच्या वरची असते. विद्युतप्रभारित कण वेगळे करून ब्युटानॉलच्या वाफेने फुगवून मोजणारी नेहमीची उपकरणे जेमतेम ८०० नॅनोमीटरपर्यंतच पाहतात. म्हणजे त्या आलेखात धुळीचे वादळ जवळजवळ अदृश्य असते. याउलट घरगुती प्रकाशीय सेन्सरना ३०० नॅनोमीटरच्या खालचे फारसे दिसत नाही, त्यामुळे जंगलातले ‘केळे’ त्यांच्या आवाक्याबाहेर राहते.

रानवारा

आपणा सर्वांचा आभारी आहे. आरोग्याच्या दृष्टीने मग कोणता आकडा धरावा?

मेघमाला

पीएम २.५ आधी धरावे, कारण त्याच्या दुष्परिणामांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. अतिसूक्ष्म (१०० नॅनोमीटरपर्यंतच्या) कणांसाठी मर्यादा न ठरवता तिने २४ तासांच्या सरासरीत घनसेंटीमीटरला १,००० हून कमी संख्येला ‘कमी’ आणि १०,००० हून अधिक संख्येला ‘जास्त’ म्हटले आहे. जंगलातील दुपारच्या काही तासांच्या उंचवट्याला हा निकष लावू नये. आपण तुलना करताना ऋतू वेगळे ठेवा आणि एकूण संख्येऐवजी ५० व १०० नॅनोमीटरच्या वरील कणांची संख्या पाहा. ढग बनवण्याच्या कामी मुख्यतः हेच कण येतात आणि नव्या कणांच्या एका दिवसाने त्यांचा आकडा तितकासा हेलकावत नाही.